चंद्रभान मास्तरांनी मोजलेला घोर

चंद्रभान अढाऊ मास्तरांना गणित येत होतं, हे मी कधी नाकारलं नाही. गणिताशिवाय त्यांना काहीच येत नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. अकोल्यात आमच्या शाळेत ते वरच्या वर्गांना गणित शिकवत आणि मी मराठी. मास्तरांच्या खोलीत आमच्या खुर्च्या एकमेकींना लागून होत्या, तेव्हा त्यांचं चरित्र लिहायचा पहिला हक्क माझा. थोरामोठ्यांची चरित्रं लिहायला पुष्कळ लोक टपलेले असतात. पण ज्यानं खडूनं फळ्यावर चार आकडे मांडून अख्ख्या शाळेच्या भाकरीवर पाणी फिरवलं, अशा माणसाचंही कोणीतरी लिहून ठेवायला हवं.

जुन्या शहराच्या अंगाला, मोर्णेच्या काठी माळ्यांच्या भाजीच्या वाड्या होत्या. त्यांतली एक चंद्रभानच्या घरची. बाप खुशालराव लवकर गेला. आई पार्बताबाईनं वांगी, मेथी आणि सांभार विकून पोराला वाढवलं. सांभार म्हणजे पुणेकर ज्याला कोथिंबीर म्हणतात ते. बाजारात तिच्या टोपलीमागं पोतं अंथरलेलं असायचं, त्यावर चंद्रभान निजायचा, रडायचा आणि पाढे म्हणायचा. पुढं तो अमरावतीच्या कॉलेजात गेला आणि गणित घेऊन बी. ए. झाला. तिथले प्रोफेसर बहुतेक पुण्याकडचे. त्यांनी चार वर्षांत त्याची जीभ धुऊन, पिळून वाळत घातली. गेला तेव्हा "मले समजते" म्हणायचा, परत आला तेव्हा "मला आकलन होतं" म्हणू लागला. पार्बताबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "पोरगं लय शिकलं वो बाई. आता त्याचं बोलनं मले अर्धंच समजते."

कॉलेजातून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती, ती म्हणजे संभव. कुठल्याही गोष्टीचा शेकडा संभव काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. पाऊस येईल का असं विचारलं की ते आभाळाकडं बघत नसत, डोळे मिटत. पोरगा वर्गात उशिरा आला तर त्याला छडी मारायच्या आधी तो खोटं बोलत असण्याचा संभव किती हे सांगत, मग मारत. मार तेवढाच बसायचा.

त्यातही त्यांचा सगळ्यात लाडका होता अटीचा संभव. तो त्यांनी मला आमच्या खोलीत वांग्यांवरून समजावला होता, आणि खरं सांगायचं तर चांगला समजावला होता.

"समजा, टोपलीत शंभर वांगी आहेत," ते म्हणाले. "त्यांतली तीस किडकी. म्हणजे डोळे मिटून एक उचललं तर किडकं निघण्याचा संभव शेकडा तीस. आता अट घाला. फक्त जांभळी वांगी वेगळी काढा. ती निघाली चाळीस, आणि त्यांतली बारा किडकी. शेकडा किती झाली?"

"तीसच," मी म्हणालो.

"म्हणजे वांगं जांभळं आहे हे कळल्यानं किडीबद्दल नवं काहीच कळलं नाही. रंग आणि कीड एकमेकांपासून स्वतंत्र. पण जांभळ्यांत शेकडा साठ किडकी निघाली असती तर?"

"तर जांभळी घेऊ नयेत."

"तर संबंध आहे, असं म्हणावं," ते माझी चूक सुधारत म्हणाले. "घ्यावीत की नाही, हा बाजाराचा प्रश्न."

एवढं त्यांना कळत होतं. एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिलं असतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. घासलेट मिळेना, ज्वारी महागली, बाजारातून चिल्लर नाहीशी झाली. सरकारी कचेरीतल्या चपराश्यालासुद्धा महागाई भत्ता सुरू झाला होता. आमची शाळा खाजगी. मास्तरांचा पगार लढाईआधी होता तेवढाच आणि ज्वारी मात्र आजच्या भावाची. आमचा चपराशी देवीदास दुपारी शाळेमागच्या निंबाखाली बसून नुसतं पाणी प्यायचा आणि डबा खाल्ल्यासारखी मिशी पुसून परत यायचा. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि आम्हीही त्याच वाटेवर होतो.

म्हणून आम्ही शाळेच्या कमिटीकडं भत्त्याचा अर्ज केला. अर्ज मी लिहिला. मराठीचा मास्तर असल्यामुळं त्यात जरा रस ओतला. मुलाबाळांचा घोर, भाकरीचा घोर, जिवाला घोर, असा घोर ठायी ठायी पेरला. वाचताना माझे मलाच डोळे भरून आले होते.

कमिटीचे अध्यक्ष होते किसनराव. अकोल्यात त्यांचं जिनिंग होतं, तिवशाकडं काळी जमीन आणि मोर्शीला संत्र्याचा बगीचा. फौजेला कापसाच्या गाठी पुरवून लढाईत त्यांचं बरंच बरं चाललं होतं. माणूस वाईट नव्हता, पण हसत हसत नाही म्हणायची कला त्यांना होती, आणि असा माणूस वाईट माणसापेक्षा महाग पडतो. त्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि लोडाला टेकून हसले.

"गुरुजी, घोराचं मले काय सांगता? मोर्शीले माह्या संत्र्याचा अंबिया बहार गळून राहिला. पेट्रोल भेटत नाई, मोटार घरीच उभी हाय. पैशानं घोर जात असता तं माह्यासारखा सुखी मानूस साऱ्या वऱ्हाडात नसता. पैशाचा अन् घोराचा काई संबंध नाई. असंन तं दाखवा."

अशा बोलण्यापुढं नुसता नमस्कार करून उठायचं असतं. आणि नेमके त्याच वेळी चंद्रभान मास्तर उभे राहिले.

"साहेब, संबंध आहे की नाही, याचं गणित मांडता येतं."

आता हे का बोलले, ते सांगतो. आमचे हेडमास्तर त्या उन्हाळ्यात पेन्शनीत निघणार होते. त्या खुर्चीकडं चंद्रभान मास्तर दोन वर्षं असे बघत होते, जसं वरच्या फांदीवरच्या बोराकडं पोट्टं बघतं. किसनरावांच्या नजरेत भरायची ही त्यांना संधी दिसली. आमच्यासाठी लढतोय असंही दिसलं असतं आणि विद्वत्ताही दिसली असती. एका दगडात दोन पक्षी.

किसनराव ताठ बसले. "मांडा मंग. ज्याले पैसा कमी, त्याले घोर जास्त, असं गनितानं निघालं तं या मैन्यापासून भत्ता देतो. नाई निघालं तं हा अर्ज पुन्हा मले दाखवू नका. बोला, कबूल?"

"कबूल," चंद्रभान मास्तर म्हणाले. आम्हाला कोणी विचारलं नाही.

मी बाहेर आल्यावर त्यांचा हात धरला. "मास्तर, हाताच्या काकणाला आरसा कशाला? देवीदासचं तोंड पाहिलं की गणित संपलं."

"एका देवीदासवरून काही सिद्ध होत नाही," ते म्हणाले. "शंभर हवेत."

शंभर माणसं ठरली. चाळीस खाऊनपिऊन सुखी आणि साठ हातावर पोट असलेली. प्रश्न एकच, "तुम्हाला घोर आहे का?" आणि उत्तर हो किंवा नाही. शाळा अकराला भरायची, म्हणून गरिबांना सकाळी गाठायचं ठरलं. सकाळी ते सगळे जुन्या शहरातल्या बाजारात सापडतात. मोठी माणसं सकाळी कोणाला भेटत नाहीत. त्यांच्याकडं संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर जायचं. वेळापत्रक चंद्रभान मास्तरांनी स्वतः आखलं आणि त्यावर ते फार खूष होते.

पहिल्या सकाळी मी आणि ते मोर्णा ओलांडून बाजारात गेलो. उन्हं अजून टोपल्यांवर आली नव्हती. बाया ओल्या फडक्यानं वांगी पुसत होत्या, जुड्यांवर पाणी मारत होत्या. बोहनी कोणाचीच झालेली नव्हती. बोहनी म्हणजे दिवसातली पहिली विक्री. ती होईपर्यंत भाजीवाली कोणाशी भांडत नाही, कोणाला नाही म्हणत नाही आणि दुःखाचा शब्द तर तोंडातून काढतच नाही. भरल्या टोपलीपुढं रडगाणं गायलं तर लक्ष्मी पाठ फिरवून जाते, असं त्या मानतात. शेजारणीचं पोर तापानं फणफणलेलं असलं तरी बोहनी झाल्याशिवाय त्याची विचारपूससुद्धा करत नाहीत. हे जुन्या शहरातलं शेंबडं पोरही जाणतं. चंद्रभान मास्तर तर टोपलीमागच्या पोत्यावर वाढलेले.

आम्ही एकेकीपुढं उभे राहिलो आणि विचारत गेलो.

"बाई, घोर आहे का काही?"

"नाई जी. बरं हाय."

"तुम्हाला?"

"बरं हाय बाप्पा. देवाची किरपा हाय."

कोणी हात जोडून म्हणाली, कोणी तोंडाला पदर लावून. मनकर्णा नावाची एक म्हातारी होती. तिचा मुलगा फौजेत जाऊन आठ महिने झाले होते आणि त्याचं कार्डसुद्धा आलं नव्हतं. सगळ्या बाजाराला ते ठाऊक होतं. तीही म्हणाली, "बरं हाय," आणि मेथीची जुडी झटकत राहिली. चंद्रभान मास्तरांनी तिच्या नावापुढं "नाही" लिहिलं.

मग ओळीत पार्बताबाई आली. तिनं मुलाला बघून पदर नीट केला. तिचा डावा गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मोर्णेच्या पुरात अर्धी वाडी वाहून गेली होती आणि उरलेल्या वांग्यांना कीड लागली होती. हे मला माहीत होतं, कारण चंद्रभान मास्तरांनीच शाळेत सांगितलं होतं. ते स्वतः प्रश्न विचारायला जरा घुटमळले, म्हणून मी विचारला.

"मावशी, घोर हाय का काही?"

तिनं आधी टोपलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नाई जी गुरुजी. बरं हाय."

मास्तरांच्या पेन्सिलीनं "नाही" लिहिलं. मी त्यांना बाजूला ओढलं.

"मास्तर, ही तुमची आई आहे! रात्री गुडघ्याला शेक देताना तुम्हीच धरून बसता ना तिला? हिला घोर नाही?"

"जे उत्तर मिळालं ते लिहायचं. माझ्या माहितीवरून लिहिलं तर ते गणित राहत नाही."

"अहो, पण आई आहे!"

"गणितात आई धरत नाहीत," ते म्हणाले आणि पुढच्या टोपलीकडं वळले. पार्बताबाई तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला वांगी दाखवू लागली होती. माझ्या मनात त्यांना तिथंच मोर्णेत ढकलून द्यावं असं आलं. पाणी घोट्याएवढं होतं, म्हणून सोडून दिलं.

संध्याकाळी मोठ्यांच्या बैठकी सुरू झाल्या. त्याही बघण्यासारख्या होत्या. त्या दिवसांत कागद-पेन्सिल घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे एकतर टॅक्सवाला किंवा लढाईची वर्गणी मागणारा. त्याच्यापुढं "बरं आहे" म्हटलं की खिशात हात घालावा लागतो. शिवाय भरल्या घरानं सुखाची कबुली दिली तर नजर लागते. तेव्हा जेवून, पान लावून, गादीवर बसलेला वऱ्हाडातला सुखी माणूस घोराबद्दल विचारल्यावर काय म्हणेल, हे सांगायला बी. ए. लागत नाही.

कापसाचे अडते महादेवराव यांनी आम्हाला चहा दिला, चिवडा दिला आणि वर तासभर दुःख दिलं. "घोर? घोराशिवाय हाय काय मास्तर? पोरगा नागपूरले शिकून राहिला, तो बूट मांगते. घरचा सैपाकी पळाला. डावा दात दुखते, सोन्याचा बसवला तरी दुखते. अन् आमचा मुनीम! तो कायले हसून राहते मले समजत नाई, त्याचा घोर वेगळाच." त्यांनी ढेकर दिली आणि डोळे पुसले. चंद्रभान मास्तरांनी गंभीरपणे "हो" लिहिलं.

असे दिवस गेले. किसनराव स्वतः चाळिसांत होते. त्यांनी "घोर हाय, लिहा मोठ्या अक्षरात" असं सांगून मास्तरांना बगिच्यातली संत्री बांधून दिली. ती मास्तरांनी आईला नेऊन दिली. पार्बताबाईनं त्यातली दोन मला दिली. आंबट होती.

मग कमिटीची बैठक भरली. फळा भिंतीला टेकवून ठेवला होता. चंद्रभान मास्तर नव्या टोपीत आले. आम्ही मास्तर लोक पाठीमागं बाकांवर, आणि देवीदास दाराशी उभा. त्याला गणितातलं काही कळत नव्हतं, पण आज भत्त्याचं ठरणार एवढं कळत होतं. त्यानं सकाळी उठून मारुतीला नारळ कबूल केला होता.

मास्तरांनी आकडे मांडले. शंभरांत घोर आहे म्हणणारे सत्तेचाळीस. म्हणजे कुठलीही अट न घालता संभव शेकडा सत्तेचाळीस.

"आता अट घालू," ते म्हणाले. "माणूस सुखवस्तू आहे, ही अट. चाळिसांपैकी बत्तीस. म्हणजे शेकडा ऐंशी. आता दुसरी अट, उत्पन्न बेताचं. साठांपैकी पंधरा. म्हणजे शेकडा पंचवीस. दोन्ही गोष्टी स्वतंत्र असत्या तर तिन्ही ठिकाणी सत्तेचाळीसच आले असते. तसे आलेले नाहीत. यावरून सिद्ध होतं की घोर आणि उत्पन्न स्वतंत्र नाहीत. त्यांचा संबंध आहे!"

आणि त्यांनी खडू ठेवला. संबंध आहे हे सिद्ध केल्याच्या आनंदात, तो कुठल्या बाजूनं आहे याकडं त्यांचं लक्षच नव्हतं, असं मला अजूनही वाटतं. त्या साली "स्वतंत्र" हा शब्द मोठ्यानं उच्चारला तरी माणूस तुरुंगात जायचा. आमच्या मास्तरांनी तो भर सभेत उच्चारला, आणि गेली फक्त आमची भाकर.

किसनराव फळ्याकडं बघत राहिले. हळूहळू त्यांचं तोंड उजळलं.

"म्हंजे मास्तर, संबंध हाय. तुमचं खरं, माहं खोटं. पन ज्याले पैसा जास्त त्यालेच घोर जास्त, असं म्हनून राहिला ना तुमचा फळा?"

"आकडे तसं सांगतात," मास्तर म्हणाले.

"मंग मी यायले भत्ता दिला तं यायचा घोर वाढंन!" किसनरावांनी मांडीवर थाप मारली. "गरीब बिचारे मास्तर लोक. पंचविसात हायेत, त्यायले उचलून ऐंशीत टाकू? असं पाप माह्या हातून होनार नाई."

कमिटी हसली. महादेवराव तर दात दुखत असतानाही हसले. मला राहवलं नाही. मी उभा राहिलो.

"अध्यक्ष महाराज, या बायांना सकाळी बोहनीच्या आधी विचारलं. बोहनीआधी कोणती माळीण टोपलीपुढं दुःखाचा शब्द काढते? हे आकडे घोराचे नाहीत, बोहनीचे आहेत. चंद्रभान मास्तरांना विचारा. ते त्याच बाजारात वाढले."

हसणं थांबलं. किसनराव शेतकरी घरचे, त्यांनाही बोहनी ठाऊक होती. ते मास्तरांकडं वळले. "काहून मास्तर? हे खरं हाय?"

त्या खोलीत तेव्हा सगळं चंद्रभान मास्तरांच्या जिभेवर होतं. "खरं आहे, चूक झाली, पुन्हा दुपारी विचारू," एवढं बोलायचं होतं. बोहनी झाल्यावर त्याच बाया काय काय सांगतात, ते पोत्यावर पडल्या पडल्या त्यांनी लहानपणी रोज ऐकलं होतं. ते माझ्याकडं बघेनात. त्यांनी देवीदासकडंही पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं ते भिंतीलगतच्या हेडमास्तरांच्या खुर्चीकडं. पेन्शनीत निघायच्या बेतात असलेले हेडमास्तर तिच्यात पेंगत होते.

"गणितात बोहनी धरत नाहीत," चंद्रभान मास्तर म्हणाले.

अर्ज नामंजूर झाला. देवीदासनं मारुतीला कबूल केलेला नारळ त्याला आणावा लागला नाही, एवढाच त्याचा फायदा. त्या दिवसानंतर महिनाभर मी मास्तरांशी बोललो नाही. बाकीचे मास्तरही बोलत नव्हते. त्यांना त्याचं काही वाटत असेल असं दिसलं नाही, कारण उन्हाळ्यात ते हेडमास्तर झाले.

हेडमास्तर झाले म्हणजे खुर्ची मिळाली. पगाराचं काय, असं त्यांनी किसनरावांना पहिल्या महिन्याअखेर अदबीनं विचारलं. मी फीचा हिशेब द्यायला तिथं गेलो होतो, म्हणून मला ऐकायला मिळालं. देव कधीकधी मराठीच्या मास्तरालाही काहीतरी देतो.

"पगार?" किसनरावांना खरंच आश्चर्य वाटलं. "मास्तर, तुमीच तं फळ्यावर लिहून दिलं. पैसा वाढला का घोर वाढते. हेडमास्तरकीचा घोर तुमाले आधीच हाय, त्याच्यावर पगार वाढवून आनखी घोर कायले देऊ? आहे तेवढ्यात सुखी राहा."

मास्तरांनी तोंड उघडलं. हे गणित चुकीचं आहे, दोन गोष्टी बरोबर वाढतात म्हणून एकीमुळं दुसरी वाढते असं होत नाही, हे त्यांच्या जिभेवर आलं असणार. पण ते बोलायचं तर आधी फळा पुसावा लागला असता. त्यांनी तोंड मिटलं आणि नमस्कार केला. मी फीचा हिशेब ठेवला आणि बाहेर येऊन पोट धरधरून हसलो.

पुढं वर्षभर मी त्यांना आटताना पाहिलं. हेडमास्तरांना गणिताचे तास होतेच, वर फी गोळा करणं, पोरांकडून लढाईची वर्गणी जमवणं, कमिटीच्या घरच्या लग्नात अक्षता वाटणं. वाढत्या भावात तोच पगार. नव्या टोपीची जुनी झाली. संभव काढायचं त्यांनी केव्हा सोडलं, कोणाला कळलं नाही. एकदा दुपारी शाळेमागं गेलो तर निंबाखाली दोघं बसलेले दिसले, एका बाजूला देवीदास, दुसऱ्या बाजूला हेडमास्तर. दोघांच्या मध्ये पाण्याचा एक लोटा. त्यांनी मला पाहिलं आणि डबा खाल्ल्यासारखं तोंड पुसलं. त्या दिवशी मला हसू आलं नाही, आणि याचा मला मास्तरांवर आणखीच राग आला.

राग माणसाला स्वस्थ बसू देत नाही. एका रविवारी सकाळी मी जुन्या शहरात भाजीला गेलो. पार्बताबाई नुकतीच टोपली मांडून बसली होती, गुडघ्याला फडकं बांधलेलं. मेथीवर पाणी मारत होती. बोहनी व्हायची होती. चंद्रभान मास्तर तिच्या शेजारी उकिडवे बसून वांगी पुसत होते. हेडमास्तर झाल्यावर मालाला हमाल लावणं परवडेना, म्हणून सुट्टीच्या दिवशी ते स्वतः आईच्या टोपल्या वाहत. मला पाहून ते उठले. मला वाटलं, आता याला सोडायचं नाही. मी पेन्सिल धरल्यासारखी बोटं धरली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं.

"काय हेडमास्तर, घोर आहे का काही?"

पुण्याच्या प्रोफेसरांनी दिलेली भाषा त्यांना त्या वेळी सापडली नाही. त्यांनी मान खाली घातली, हातातलं वांगं पुसलं आणि म्हणाले,

"नाई जी गुरुजी. बरं हाय."

शेजारच्या बायांनी ऐकलं. मनकर्णा म्हातारीनं आपली जुडी उलटीपालटी केली. मी पुढं काहीतरी बोलणार होतो, चांगलं तयार करून आणलं होतं. पण तेवढ्यात पार्बताबाईचा पाण्याचा हात थांबला. त्या बाईनं उभ्या जन्मात बोहनीआधी तोंडातून दुःखाचा शब्द काढला नव्हता. तिनं पोराच्या तोंडाकडं पाहिलं, भरली टोपली हातानं बाजूला सारली आणि भर बाजारात मोठ्यानं विचारलं,

"चंद्या, काय झालं रे तुले?"